मुलं म्हणजे कोण

“म्हणजे आता तू बाबांचंही प्रूफ तपासणार?” धाकट्याने वकीलबाईंच्या टेबलावरचा कागद बोटाने मागे सरकवला.

“बाबांचं नाही रे. माझं,” मधला म्हणाला आणि तिसऱ्यांदा खुर्चीतून उठला.

एकतीस वर्षं त्याने छापखान्यात मुद्रितं तपासली होती. लोकांच्या वेलांट्या नि काने पकडण्यात हयात गेली, आणि घरच्याच मजकुरात त्याची नजर चुकली. बाबांनी मृत्युपत्रात स्वहस्ते लिहिलं होतं, ‘घर माझ्या मुलांना सारखं वाटावं.’ वाटणीपत्र करताना कारकुनाने मानही वर न करता विचारलं, “मुलं म्हणजे मुलगेच ना?” बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. त्याला कधी एकदा त्या कचेरीतून बाहेर पडतो असं झालं होतं. “हो, हो,” तो म्हणाला. झालं! खालचा मजला त्याचा, वरचा धाकट्याचा. नऊ वर्षं बाबांची उठबस केलेली ताई, तिघांत थोरली, दोन पिशव्या घेऊन मैत्रिणीच्या मागच्या खोलीत राहायला गेली. तिने ब्रही काढला नाही.

तेव्हापासून त्याला एका जागी बसवत नव्हतं. देवापुढे हात जोडावेत तर मन तो ‘हो, हो’च जपत बसे.

“ताईने मागितलंय का काही?” धाकटा म्हणाला. “तीच म्हणाली, राहू दे. तुलाच भारी पुळका!”

“तुम्ही दोघं भांडाल म्हणून म्हणाले,” खिडकीशी बसलेली ताई हळूच बोलली.

“मग हक्क सोडल्याचं लिहून दे आत्ताच. विषय संपला.”

“देईन की. पण जे माझं नाहीच, ते सोडू कसं रे, बाळा? आधी माझं होऊ दे. मग सोडायचं की धरायचं, माझं मी बघेन.”

वकीलबाईंनी हसू दाबायला चष्मा पुसायला घेतला.

धाकटा आता इरेला पेटला. “बाबांना मुलगेच म्हणायचं असेल तर?”

“ते तुम्हाला हाक कशी मारायचे?” वकीलबाईंनी विचारलं.

“कशी म्हणजे? जेवायला बोलावताना, ‘चला रे मुलांनो’...”

“आणि कोण कोण यायचं?”

मधला येरझारा घालता घालता थांबला. धाकटा बराच वेळ टेबलाच्या कडेवरून नख फिरवत राहिला.

“ताई आधी यायची,” तो शेवटी पुटपुटला. “मी तिच्या कडेवर असायचो.”

मग त्याने कोणाकडेही न पाहता कागद पुढे ओढला. दुरुस्तीच्या लेखावर तिघांच्या सह्या झाल्या. घराचे तीन हिस्से.

घरी येईपर्यंत दिवस कलला होता. गेल्या चार महिन्यांत ताई आली की उंबऱ्याबाहेर थांबायची, “येऊ का?” म्हणून विचारायची आणि दाराजवळच्या खुर्चीवर टेकायची. आज मधल्याने दार उघडलं, पण त्याचं पाऊलच उचलेना. धाकटाही मागे घुटमळत राहिला.

ताई दोघांच्या मधून आत गेली. तिने दिवा लावला, खिडक्या उघडल्या आणि वळून पाहिलं.

“बाहेर का उभे?” ती म्हणाली. “या ना, आत या.”