रस्त्याकडचं दार

आजकाल पाथरीत कुणी घर घ्यायला निघालं की बाया मला विचारायला येतात. मी काही वकील नाही की इंजिनीअर नाही, पण जे सांगते ते तोंडावर सांगते. कागद वकिलाला दाखवा, तिथं आपली अक्कल चालवू नका. घर बघायला भर दुपारी जा आणि स्वयंपाकघरात घटकाभर नुसतं बसून बघा, जीव घाबरा होतो का. नळाला पाणी कधी येतं ते शेजारणीला विचारा. मालकाला विचारू नका, तो गोडच बोलणार. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, बरोबर भटजीला नेऊ नका. मी नेला, पण माझा इलाज नव्हता. तो माझा नवरा आहे.

आमचे हे म्हणजे अण्णागुरुजी. पाथरीत आणि आसपासच्या गावांत कुणाचंही घर बांधून झालं की वास्तुशांतीला हेच. लोकांच्या नव्या घरात पहिला पाट यांचा, पहिली पुरणपोळी यांची. आणि यांची बायको कुठं, तर लग्न झाल्यापासून भाड्याच्या खोल्यांत, त्याही मागच्या. घरं बदलली, पण बोळ काही सुटला नाही. मालकाची मोटारसायकल ओलांडायची, त्यांच्या न्हाणीच्या पाण्यातून पाय काढायचा, मग आपलं दार. मला भेटायला कुणी आलं तर आधी मालकीणबाई विचारणार, कोण पाहिजे? आमचा सारंग पुण्याहून फोनवर म्हणायचा, आई, नव्या घरात तुला काय काय पाहिजे ते सांगून ठेव. मी एकच सांगायची. रस्त्याकडं दार पाहिजे. दारात बसून मेथी निवडीन, येणारी-जाणारी माणसं बघीन, आणि ज्याला यायचं तो सरळ माझ्याकडं येईल. बाकी फरशी कसली का असेना.

मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, खोल्या मोकळ्या करा म्हणले, तेव्हा कुठं हे हलले. हलले म्हणजे काय, एकेक घर बघून नापास करायला लागले. एकाचा संडास ईशान्येला. एकाचा जिना उलटा फिरलेला. एक घर मला लय आवडलं होतं, तर म्हणे बोअर आग्नेयेला. मी म्हणलं, पाणी गोड आहे ना? तर माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी देवघरात चप्पल घालून आले. मी पार बेजार झाले. यांना शेवटी सांगितलं, मी मेल्यावर खुशाल दिशा बघत बसा, आधी मला घर द्या.

तेवढ्यात माणिकरावांचं घर विकायला निघालं. माणिकराव तहसीलमधून रिटायर झालेले, आता नांदेडला लेकीकडं राहायला चाललेले. घर हवेशीर, जोतं उंच, पुढं कडुलिंबाची सावली. संडास, बोअर, जिना, सगळं यांना पाहिजे तिथंच. खोट सापडेना म्हणून यांचं तोंड एवढुसं झालेलं. पण मी रस्त्यावर उभी राहून बघते तर समोर नुसती भिंत. घराच्या कडेनं बोळ, बोळाला वळण, आणि पार मागं न्हाणीजवळ दार.  इतकं सगळं होऊन परत बोळच.

मी माणिकरावांना विचारलं, रस्ता इकडं आणि दार तिकडं, हे कोणाचं डोकं? माणिकरावांनी एकदा यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"वहिनी, इथं दार होतं की," म्हणले. "सागवानी, दोन झडपांचं. वास्तुशांतीला गुरुजी म्हणले, दक्षिणेचं दार यमाचं. आमी बुजवून टाकलं."

यांना आठवतही नव्हतं. इतकी घरं, इतकी दारं, कुठलं कुठलं ध्यानात ठेवणार. पण माणिकरावांना सगळं आठवत होतं. त्यांची आई शेवटपर्यंत काठी टेकत बोळातून फिरून यायची, आणि पुढच्या दारात बसायची तिची हौस राहिली ती राहिलीच. माणिकराव रागानं नाही, आपलं सहज सांगत होते. यांनी मान खाली घातली.

मग सामानाचं बोलणं निघालं. माणिकराव म्हणले, बाकी सगळं नेतो, पण मोठा दिवाण इथंच राहू द्या. तो जुन्या दारातून आत आलाय, आता बोळाच्या वळणातून बाहेर निघत नाही. हे ऐकलं आणि माझं डोकं चालायला लागलं. जाताना मी मागं रेंगाळले आणि ते वळण पदरानं मोजून घेतलं.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. घर घ्यायचं तर दार उघडायचं, नसता मला बोळाची सवय आहे, इथंच मरते म्हणलं. हे पाटावर बसले. मग म्हणले, "हेमा, मी किती जणांची दारं बुजवायला लावली. आज माझं उघडलं तर ते काय म्हणतील? उद्या मला कोण बोलवील?"

ते खोटं नव्हतं. याच बोलण्यावर आमची चूल पेटत आली. मला यांचा राग येत होता आणि यांची दयाही येत होती, दोन्ही एकदम. मी कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडं बघितलं. सासऱ्यांच्या वेळचा, एकसंध सागवान, वर घुमट, खिळा म्हणून नाही. कुठं सुटत नाही की आडवा होत नाही, घुमटच तडकायचा. देव त्याच्याशिवाय कुठं ठेवायचे नाहीत, ही यांची शपथ. मी पदर हळूच देव्हाऱ्याला लावून बघितला आणि म्हणलं, बरं, घ्या घर. दाराचं नंतर बघू. हे चकितच झाले.

गृहप्रवेशाला यांचे यजमान झाडून सगळे आले. माणिकराव नांदेडहून मुद्दाम आले. लिंबाजी गवंडीही आला, खांद्यावर पोतं, त्यात पहार. पूजेला पहार कशाला रे, मी विचारलं. न्हाणीचं काम हाय म्हणले गुरुजी, असं म्हणून तो झाडाखाली बसला.

हे देवांचं तबक घेऊन पुढं, मागं चौघांनी उचललेला देव्हारा, त्याच्या मागं कलश घेऊन मी. वळणावर देव्हारा अडकला. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं, उंच धरून बघितलं. मुहूर्त टळायला लागला. यजमान बोळात माना उंचावून उभे. मी चेहरा असा ठेवला होता, जसं काही मला यातलं काहीच कळत नाही.  हे आता काय म्हणतील? देव बाहेरच ठेवू म्हणले तर?

यांनी डोळे मिटले, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणले, "देव मागच्या दारानं यायला तयार नाहीत. लिंबाजी, समोरची भिंत फोड."

कुणी चकार शब्द काढला नाही. उलट दोघा-तिघांनी हात जोडले. वरची तुळई जागेवरच होती, खाली नुसत्या विटा भरलेल्या, त्या भराभरा निघाल्या. माणिकरावांनी माळ्यावर तशाच पडून राहिलेल्या जुन्या झडपा काढल्या आणि स्वतः फडक्यानं पुसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. आधी देव आत गेले, मग देव्हारा, आणि मग मी, रस्त्यावरून सरळ.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मी मेथीची जुडी घेऊन दारात बसले. समोरची बाई थांबून बोलून गेली, कुणालाही न विचारता. मला मनातून हसू फुटत होतं. हे शेजारी येऊन बसले, तेव्हा मी साळसूदपणे म्हणलं, बरं झालं, देवानंच मनावर घेतलं.

"देवानं कशाला," हे म्हणले. "तू वळण मोजत होतीस तेव्हा मी बोळाच्या तोंडाशीच उभा होतो, आणि देव्हाऱ्याला पदर लावलास तेही बघितलं. लिंबाजीला कालच सांगून ठेवलं होतं, पहार घेऊन ये म्हणून."

 इतके दिवस वाटत होतं, मीच लय हुशार. मग हे म्हणले, उद्यापासून एकेकाकडं जाऊन यावं लागेल, ज्यांची दारं बुजवली त्यांच्याकडं. मी अर्धी जुडी यांच्यापुढं सरकवली. आणि आमचे गुरुजी जन्मात पहिल्यांदा भाजी निवडायला लागले, तेही दक्षिणेकडं तोंड करून, सगळ्या रस्त्यादेखत.