गुडघ्याखालचा पुठ्ठा

मी पुठ्ठा बोलतोय. जन्माने पंख्याचं खोकं. पंखा छताला लागला आणि मला फाडून मिस्त्रींनी गुडघ्याखाली घेतलं. मोटरसायकलचे बाजारात न मिळणारे भाग ते मापानुसार घडवून देतात. काम सगळं फरशीवर बसून, म्हणून मी. खालून मला माणसांचे पायच दिसत; पण पायांवरूनही घरचं बरंच कळतं हो.

एकदा नर्सताई आल्या. अपघातात मोडलेला उजवा घोटा जोडला होता, पण तो आता पुरता वाकत नव्हता. ब्रेकवर पाय बसेना, म्हणून गाडी वर्षभर झाकलेली. शेवटी नवऱ्याने गिऱ्हाईक शोधलं.

"रविवारी तो गाडी न्यायला येतोय, दादा. त्याआधी मला जमेल असं पेडल बसलं तर गाडी माझी. नाहीतर जन्मभर ह्यांच्या मागे बसायचं."

मिस्त्रींनी त्यांना गाडीवर बसवलं, व्हर्नियर काढला आणि केसाचाही फरक पडू नये असं माप घेतलं. "पाय नेहमीसारखा ठेवा हं, ताई."

नेहमीसारखा कसला! शिंप्यापुढे माणूस पोट आत ओढतो ना, तसा ताईंनी पाय ओढून ताठ धरला होता. पोटरी थरथरत होती. मला दिसत होतं. पण पुठ्ठ्याला कोण विचारतो?

शुक्रवारी पेडल बसलं. चकचकीत, दृष्ट लागावी असं. ताईंनी पाय टाकला, तर बोटं पेडलच्या खाली जाऊन अडकली.

"माप तर बरोबर होतं," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाले.

"माझा पायच चुकलाय," म्हणत ताई उतरायला लागल्या.

तेवढ्यात मिस्त्रींची बायको चहा घेऊन आली. "उतरू नका, बसल्या बसल्याच घ्या. आणि गिऱ्हाईक कोण म्हणे?"

"ह्यांच्या ऑफिसातला एक. गाडी ताब्यात आली नाही, तोवरच रंग बदलायचं म्हणतोय, वहिनी!"

"अगं बाई! कुठला?"

"पोपटी!"

"शी! गाडी आहे का भाजी?"

ताई तावातावाने सांगू लागल्या आणि त्यांचं पायाचं भान सुटलं. पाय आपसूक लोंबला. बोटं खाली, टाच बाहेर. मिस्त्रींनी मला हळूच गुडघ्याखालून ओढलं, पायामागे धरलं आणि पेन्सिल फिरवली. बायकोने ते पाहिलं अन् मुद्दाम आणखी एक प्रश्न टाकला.

मग कात्री लागली. लावून बघ, काप, पुन्हा लाव. पेडलची जागा दोन बोटं खाली गेली, थोडी बाहेर आली. शनिवारी माझ्यावरून पत्रा कापला गेला आणि नवं पेडल बसलं.

रविवारी ताई, नवरा, गिऱ्हाईक सगळे दुकानातच आले. ताई गाडी घेऊन वळणापर्यंत गेल्या. तिथे एक हातगाडी आडवी आली. नवऱ्याच्या चपला दोन पावलं पुढे धावल्या आणि थांबल्या. गाडी जागच्या जागी उभी होती.

ताई परत आल्या. गिऱ्हाइकाने हात पुढे केला, "चावी?"

"ती मला लागते. ड्यूटी आहे."

नवऱ्याने हेल्मेट तेवढं आणून दिलं.

आता मी खिळ्याला टांगलेला असतो. अंगावर पेन्सिलीने लिहिलंय, 'नर्सताई, उजवा'. ओलीने माझी एक कड फुगली आहे. तेवढं मला कोणी कोरड्या भिंतीवर हलवा. पेडल कधी झिजलं, तर ताईंच्या पायाचं खरं माप माझ्याकडेच आहे.