घली सोडा

बेकरीवालीनं सुटे म्हणून हातावर ठेवलेलं नाणं ठोकेकाकांनी आधी लांब धरून बघितलं, मग चष्मा कपाळावर चढवून थेट नाकाजवळ नेलं. नाण्यावरचा, देश चालवणाऱ्या साहेबांचा चेहरा नेहमीसारखाच गुळगुळीत होता. पण त्या चेहऱ्याच्या गालावरून आडवी अक्षरं ठोकलेली होती: घरी सोडा.

"काका, खिशात टाका आधी," बेकरीवाली त्यांच्या उजव्या कानाशी पुटपुटली. डावा कान कामातून गेलेला आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. "ज्याच्याकडे सापडेल त्याला उचलतात म्हणे."

"मग मला कशाला दिलंस?"

"अहो, पैसा आहे तो. फेकून कोण देणार?"

हे मात्र खरं होतं. कागदाचा चिटोरा कोणी फाडून टाकेल, भिंतीवरच्या घोषणेवर कोणी चुना फासेल, पण नाणं? शिव्या घालत का होईना, माणूस ते पुढे सरकवतोच.

कोणाला घरी सोडा, ते सांगायची गरज नव्हती. गेल्या हिवाळ्यात चौकात हात धरून उभी राहिलेली मुलं ट्रकमध्ये भरून नेली होती. तेव्हापासून ती टेकडीमागच्या तुरुंगात होती. ना खटला, ना भेट, ना चार ओळींची खुशाली. त्यांत ठोकेकाकांची एकुलती एक लेकही होती.

पण काका थबकले ते एका अक्षरामुळे. त्या नाण्यावरच्या र चा पाय तुटका होता.

त्यांचा धंदाच ठसे मारण्याचा. किल्ल्यांचे बिल्ले, सायकलींचे बिल्ले, यंत्रांवरच्या पट्ट्या. पोलादी ठसा धातूवर उभा धरायचा आणि वरून हातोडीचा एकच नेमका ठोका द्यायचा. आयुष्य त्यात गेलं, एक कान त्यात गेला, आणि आडनावही गेलं; ते आता त्यांना स्वतःलाच आठवून सांगावं लागे. अक्षरांची पेटी गावातल्या सगळ्या ठसेवाल्यांकडे एकाच कारखान्याची, अगदी सारखी. फक्त यांच्या पेटीतल्या र चा पाय मोडलेला होता. तो मोडला होता लेकीनं, दुकानात लुडबुडायच्या वयात. ठसा उलटा धरून तिनं ऐरणीवर असा काही हाणला की पायाचा टवकाच उडाला. काकांनी तो कधी बदलला नाही. हल्ली बिल्ल्यांवर सगळे आकडेच मारून घेतात, त्यामुळे कोणाच्या डोळ्यांवर आलंही नाही. "राहू दे, तो तिचा र आहे," म्हणायचे.

गंमत म्हणजे तेव्हा तिला र म्हणताच येत नसे. संध्याकाळ झाली की पायाला मिठी मारायची. "बाबा, घली चला."

"घली नाही गं, घरी. र म्हण, र."

यावर ती कमरेवर हात ठेवून ठणकावायची, "तेच तल म्हणतेय!"

पुढे तिला र आला. चौकात उभं राहून सरकारला खरं-खोटं सुनावण्याइतका चांगला आला.

तर आता प्रश्न असा की काकांच्या पेटीतला र त्यांच्या नकळत साहेबांच्या गालावर पोचला कसा? दुकानात माणसं दोनच. दुपारी काकू डबा घेऊन यायच्या. जेवण झालं की काका मागच्या बाकड्यावर अंग टाकायचे आणि तेवढा वेळ काकू गल्ल्यापाशी बसायच्या. "झोपेतसुद्धा माझ्या हातोडीचा आवाज ओळखेन मी," अशी फुशारकी काका चारचौघांत मारत आले होते. कानाची अवस्था अशी आणि तोंडाची अशी!

त्या दुपारी त्यांनी झोपेचं सोंग घेतलं. चांगला कान उशीत दबलेला, त्यामुळे ऐकू काहीच आलं नाही. मग त्यांनी हळूच तळहात भिंतीला टेकवला, आणि तिथे ठोके आले. एक, थोडी उसंत, पुन्हा एक. कामाचं टेबल आणि बाकडं एकाच भिंतीला ठोकलेलं होतं. पापण्या किलकिल्या करून त्यांनी बघितलं तर काकू जिभेचं टोक दातांत धरून ऐरणीवर वाकल्या होत्या. हातोडी कोपरातून न उचलता मनगटातून उचलत होत्या, लग्नानंतर नव्या नवलाईत काकांनी हौसेनं शिकवली होती तशी. अक्षरांवरची रेघ कुठेही तुटत नव्हती. काकांना आधी अभिमान वाटला आणि मग दरदरून घाम फुटला.

"अगं, वेड लागलंय का तुला?" ते उठून किंचाळले.

"ओरडू नका. बहिरे तुम्ही आहात, रस्ता नाही."

"पकडलं म्हणजे? ती तिकडे, तू तिकडे, आणि मी इथे भिंतीशी बोलत बसू?"

काकूंनी हातोडी खाली ठेवली. "बेकरीवाली तुरुंगात पाव पोचवते ना? तिथल्या कॅन्टीनला लागणारे सुटे तीच नेते. त्यांतलं एखादं आपल्या पोरीच्या हातात पडेल. साहेबांनी वाचलं तर वाचोत बापडे. पण तिनं तो र बघितला की तिला कळेल कुठून आलाय. आई-बाबा आहेत, वाट बघतायत, एवढं तरी कळेल. तुम्ही तर तिचं नावसुद्धा काढत नाही."

काका पुन्हा बाकड्यावर बसले. नाव काढत नव्हते हे खरं होतं. काढलं की दिवसभर हात थरथरायचा. थरथरत्या हातानं ठसा मारता येत नाही. एवढी आठवण यायची. बायकोला हे सांगायला हवं होतं असं त्यांना त्या क्षणी फार वाटलं.

तेवढ्यात बेकरीवाली धापा टाकत आली. तपासनीस साहेब प्रत्येक ठसेवाल्याकडे जाऊन पत्र्याच्या पट्टीवर सगळी मुळाक्षरं मारून घेत होते. उद्या या गल्लीची पाळी.

ती गेल्यावर काकांनी पेटीतून र काढला. काय होणार ते काकूंना कळलं.

"त्याला हात लावू नका हो. तेवढीच खूण आहे तिच्याजवळ पोचायला."

"आणि तू गेलीस तर ती परत येऊन कोणाला आई म्हणेल?"

त्यांनी ठसा तापवून मऊ केला, तोंड घासून खाली घेतलं, बारीक कानशीनं र ला नवा पाय काढला, पुन्हा लाल करून तेलात विझवला. धूर डोळ्यांत गेला असं सांगायची सोय होती. ती त्यांनी वापरली नाही, तसेच रडत राहिले. काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. भिंगातून पट्टी बघितली, र पुन्हा मारायला लावला, पुन्हा बघितला. "स्वच्छ आहे," म्हणाले आणि शेजारच्या दुकानात शिरले. काकू वाचल्या. पण त्यांनी अबोला धरला. डबा यायचा, झाकण उघडलं जायचं, आणि दोघांमधून एक अक्षर निघायचं नाही. लेकीला नेलं तेव्हासुद्धा घर इतकं गप्प झालं नव्हतं.

असेच काही दिवस गेले, आणि एका दुपारी काका बाकड्याकडे गेलेच नाहीत. खिशातून एक नाणं काढून त्यांनी ऐरणीवर ठेवलं. घ मारला. मग पेटीवरून बोट फिरवत एक ठसा उचलला, तो मारला, त्याला वेलांटी दिली.

काकूंना राहवलं नाही. "अहो, चुकलात! हा ल आहे."

"वाच की."

"घ... ली." त्यांचा हात तोंडावर गेला.

"र तर सरकारनं तपासून पास केला," काका म्हणाले. "आता तोच वापरला तर तो कोणाचाही असू शकतो, पोरीला ओळखू कसा येणार? हा ल वाचून सगळं गाव म्हणेल, ठसेवाला अडाणी आहे. एका मुलीला सोडून."

काकू हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धार लागली, आणि मग त्याच म्हणाल्या, "सरका, रेघ वाकडी येतेय तुमची."

त्यानंतर दोघं मिळून काम करू लागले. एकानं नाणं धरायचं, एकानं ठोकायचं, आणि बेकरीवालीला विश्वासात घेऊन तिच्या सुट्यांत मिसळायचं. "घली सोडा" गावभर झालं. आधी लोक हसले, ठसेवाल्याची जीभ जड दिसते म्हणाले. मग पाणी भरायच्या रांगेत, बसथांब्यावर, पोरासोरांच्या खेळात तेच ऐकू येऊ लागलं. ज्यांना घरी म्हणायची भीती वाटायची ते घली म्हणून मोकळे होत. तपासनीस म्हणे लोकांना गाठून "रविवार" म्हणायला लावत होते.

काका रोज बेकरीवालीला एकच विचारायचे, "काही?" ती मान हलवायची. विचारायचं थांबवावं असं त्यांना अनेकदा वाटलं, पण सकाळ झाली की पाय तिकडेच वळायचे.

आणि एका सकाळी बेकरीवालीच दुकानात आली. पदराची गाठ सोडून तिनं एक नाणं काढलं. "तुरुंगाच्या कॅन्टीनमधून पावाच्या पैशांत आलंय. तुमचंच आहे. पण मागच्या बाजूला कोणीतरी काही खरडलंय, मला काही अर्थ लागेना."

काकांनी नाणं उलटं केलं. खिळ्यानं की पिनेनं, वेडंवाकडं, रेघ न जुळवता कोरलं होतं: तेच तल.

त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि काकूंच्या तळहातावर ठेवलं. काकूंनी मूठ मिटली, ती मूठ छातीशी धरली आणि तशाच स्टुलावर बसल्या. दोघांच्याही गालांवरून पाणी वाहत होतं आणि दोघंही पुसत नव्हते. बेकरीवाली घाबरली.

"काका, काय झालं? काय लिहिलंय त्यात?"

"काही नाही गं," ठोकेकाका म्हणाले, आणि त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "आमच्या पोरीला अजून र म्हणता येत नाही."