आगाथाची खालची चाल

हाइनरिशचं सामान ट्रकवर चढलं आणि किरगिझ मुलखातल्या तलासच्या खोऱ्यातल्या त्या गावात जर्मन म्हणावं असं एकच माणूस उरलं, त्याची बहीण आगाथा. सोव्हिएत राज्य बुडालं होतं, सामुदायिक शेतीला टाळं लागलं होतं, वीज स्वतःच्या मर्जीने यायची. पिढ्यांपूर्वी इथं येऊन वसलेल्या जर्मनांपैकी जो तो जर्मनीची वाट धरत होता.

"ताई, हट्ट सोड," हाइनरिश म्हणाला. "इथं मेलीस तर मातीवर गाणं म्हणायलाही कुणी नाही."

"मी थोडीच असणार आहे ऐकायला! जा, गाडी खोळंबलीय."

तोंडाने ती अशी तिखट; आतून मात्र पार हलली होती.

रविवारी तिने जर्मन मंडळींच्या रिकाम्या प्रार्थनाघरातली शेगडी पेटवली आणि सवयीने दुसऱ्या रांगेतल्या आपल्या जागी उभी राहून गायला सुरुवात केली. आणि फजिती झाली. या मंडळींचं गाणं चार चालींचं, चार गट एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत म्हणायचे. वरची चाल खरी, बाकीच्या तिला धरून चालणाऱ्या. आगाथा लहानपणापासून खालच्या चालीत. वरची चाल तिने हजारदा ऐकली होती, पण तोंड उघडलं की गळा आपोआप खाली घसरायचा. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा घसरली.

"देवा, माणसं नेलीस ती नेलीस, चाल तरी ठेवायचीस!" ती वैतागून मोठ्यानेच म्हणाली. "बर्फ वितळला की मीही जाते. मग बस इथं एकटा."

तेवढ्यात दार करकरलं. शेजारची बुरुल आत आली. पूर्वी ती सामुदायिक गोठ्यात दूध काढायची. आता ना गोठा, ना गायी.

"खोटं कशाला सांगू आगाथाताई, शेकायला आलेय. घरात कोळशाचा खडा नाही."

"बस की मग."

"गात होतीस ना? थांबलीस का?"

"चुकतंय गं."

"मला मेलीला काय कळतंय चुकलेलं? गा."

आगाथा गायली. बुरुल शेगडीवर हात धरून ऐकत होती. "कशाचं आहे गाणं?"

"वादळात सापडलेल्या नावेचं. येशू त्या नावेत आहे."

"मग थांबतं वादळ?"

"या गाण्यात तरी नाही थांबत. तो नाव सोडून उतरत नाही, एवढंच आहे यात."

उत्तर दिलं बुरुलला, पण लागलं तिचं तिलाच. इतकी वर्षं ती हे शब्द म्हणत आली होती. अर्थ विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. कित्येक दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं तिला वाटलं.

पुढच्या रविवारी बुरुलने नणंद अनाराला आणलं, मग आणखी दोघी आल्या. "विस्तवापायी धर्म विकाल!" म्हणून बुरुलच्या मुसलमान सासूने रान उठवलं. पण विस्तवासाठी येणाऱ्या बायका बर्फ वितळल्यावरही येत राहिल्या. बुरुलने गाण्याचे शब्द किरगिझमध्ये बसवले. चाल मात्र आगाथाला येत होती तीच, खालची. आपण चुकीचं शिकवतोय, ही बोच तिच्या मनात होती. जाण्याचं मात्र तिला आता आठवतही नव्हतं.

उन्हाळ्यात राजधानी बिश्केकहून एका धर्मसेवकाची बायको, लीदिया, आली. गाणं ओळखीचं निघताच तिने मोठ्या उत्साहाने वरची चाल धरली. बायका गायच्या थांबल्या.

"बाई," अनारा समजुतीने म्हणाली, "तुम्हाला चाल येत नाही. आधी ऐका, मग म्हणा."

"अहो, खरी चाल हीच! तुमची ती खालची, साथीची."

सगळ्या आगाथाकडे बघू लागल्या. ती कानापर्यंत लाल झाली. "चूक माझी आहे गं. मला दुसरी येतच नाही. यांच्याकडून नीट शिकून घ्या."

"ती कशाला?" बुरुल फिस्कारली. "मला रडू आलं की मी हीच गुणगुणते, आणि जीव शांत होतो. पाहुण्यांना वरची आवडते, त्यांनी वरची म्हणावी. चला गं!"

बायकांनी पुन्हा सुरुवात केली. वर लीदियाचा एकटीचा आवाज, आणि खाली सगळ्या मिळून आगाथाची चाल. जन्मभर जी तिने दुसऱ्यांच्या आवाजाखाली म्हटली होती, ती आज पहिल्यांदाच भरल्या घरात तिच्या कानांवर येत होती. ती गायचं विसरली आणि डोळे पुसत, तोंडभर हसत, नुसती ऐकत उभी राहिली.