आठ बटणांची लिफ्ट

"सहाचं बटण का दाबलंस रे?" मंत्रीसाहेबांनी विचारलं.

"हाताला सवय, साहेब," आठमजली म्हणाला आणि त्याच क्षणी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये गचका देऊन लिफ्ट थांबली.

आत आम्ही चौघं होतो. मंत्रीसाहेब, त्यांचा सेक्रेटरी, लिफ्टवाला आणि नुकतीच कापलेली फीत व कात्री तबकात घेऊन उभा असलेला मी. मी त्या सरकारी इस्पितळाचा स्टोअरकीपर. माझ्या बोलण्यातलं निम्मं लोक सोडून देतात. ह्यातलंही हवं ते सोडा, पण ही लिफ्ट खरी आहे.

आठमजली हे काही त्याचं नाव नव्हे. इमारतीला तळ सोडून मजले दोन आणि लिफ्टला बटणं आठ. असली लिफ्ट वीस वर्षं चालवणाऱ्याला लोक दुसरं काय म्हणणार?

त्याचं झालं असं. एका श्रीमंत देशानं आम्हाला आठ मजली इस्पितळासाठी कर्ज दिलं. अट एकच. लिफ्ट त्यांच्याच कंपनीची घ्यायची आणि आधी घ्यायची. त्यामुळे पाया खणायच्या आधी लिफ्ट आली. दोन वर्षं ती माळावर उभी होती. एका कोंबडीनं तिच्यात अंडी घातली, आणि त्यातून निघालेली पिल्लं मोठी होईपर्यंत कुठल्याही दारासमोर कुणीतरी ते उघडून धरायची वाट बघत उभी राहायची. मग आम्ही लिफ्टभोवती इमारत बांधायला घेतली. सिमेंट तेव्हाच्या मंत्र्यांच्या जावयाच्या कारखान्यातलं. पहिला मजला झाला, जावयाचा बंगला झाला. दुसरा मजला झाला आणि सरकार पडलं. नवे आले ते म्हणाले, हे मागच्यांचं इस्पितळ, आपण विमानतळ बांधू. विमानतळ झाला. विमान अजून यायचंय. त्यानंतरच्यांना काहीच बांधायला उरलं नाही, म्हणून त्यांनी लिफ्टचं पुन्हा उद्घाटन केलं. आजचं तिसरं.

आठमजलीला मात्र ह्या सगळ्याचा राग नव्हता. उशिरा धावणाऱ्या बसकडे बघावं तसा तो त्या सहा मजल्यांकडे बघायचा. दुसऱ्या मजल्यावर दार उघडून तो प्रत्येकाला सांगायचा, "उतरून घ्या. पुढचे मजले यायचेत." मंजूर नकाशा त्याला तोंडपाठ. तिसऱ्यावर भाजलेल्यांचा वॉर्ड, पाचव्यावर लहान मुलं, सहाव्यावर किडनी, आठव्यावर गच्चीत बाग. सुईला घाबरून रडणाऱ्या पोरीला तो म्हणायचा, "आठव्यावर झोपाळा आहे, बरी झालीस की नेतो हां." पोरगी गप्प व्हायची. आमच्या इस्पितळात भूल एवढीच मुबलक होती.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, आमच्याच धुलाईखान्यात चादरी धुवायची. एके दिवशी तिचे पाय सुजले, मग चेहरा. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस हवं, आणि ते फक्त राजधानीत. बसनं जायला बारा तास, यायला बारा तास.

"म्हणजे निम्मा संसार बसमध्येच," वहिनी म्हणाली. "मग कंडक्टरशीच नसतं का केलं लग्न? तिकीट तरी वाचलं असतं."

चार महिने तिनं तेही केलं. पाचव्या महिन्यात तिला बसच्या पायरीवर चढवेना. पहिल्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात तिला खाट दिली. डॉक्टरीणबाईंनी आठमजलीला बाजूला घेऊन सांगितलं, "डायलिसिस मिळालं नाही तर तीन आठवडे. फार तर."

आणि दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या स्टोअरमध्ये डायलिसिसची दोन मशीनं होती. ही थाप नाही. कर्जाच्या दुसऱ्या हप्त्यात आलेली, कोरी, खोक्यांत, सात वर्षं. सहावा मजला नाही म्हणून किडनी विभाग नाही, आणि विभाग नाही म्हणून मशीनं बसवायची नाहीत. डॉक्टरीणबाईंनी अकरा अर्ज केले होते. कोपऱ्यातली रिकामी खोली द्या, पाणी शुद्ध करायचं यंत्र द्या, मी चालवते. अकराही वेळा जिल्ह्याच्या कार्यालयातून एकच उत्तर आलं: मंजूर नकाशाप्रमाणे सहाव्या मजल्यावर बसवावीत. जिल्ह्याच्या वर तर अशी मशीनं आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ती खोली माझ्या स्टोअरपासून तीस पावलांवर. मी मोजली होती.

आतलं दार केसभर सरकवलं की लिफ्ट जागच्या जागी थांबते, ही खोड फक्त आठमजलीला माहीत होती. मंत्री येणार म्हटल्यावर त्यानं ती मला सांगितली आणि म्हणाला, "तळापासून दुसऱ्यापर्यंत अकरा सेकंद. तेवढ्यात बायकोचा जीव मागून होत नाही."

तर आम्ही अडकलो.

"काय झालं? काय झालं?" सेक्रेटरी ओरडला.

"काही नाही, दमलीय बिचारी. पाच मिनिटं घेते," आठमजली म्हणाला आणि मंत्र्यांकडे वळला. "तोवर एक सांगू का साहेब?"

"सांग बाबा. पण हवा येतेय ना?"

"येतेय साहेब. आपल्या स्टोअरमध्ये डायलिसिसची दोन मशीनं पडून आहेत. दुसऱ्यावर खोली आहे, डॉक्टरीण आहे. पेशंट आहे."

"पेशंट कोण?"

"आमची मंडळी."

मंत्र्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं का हे?"

"खरं आहे साहेब," मी म्हणालो. "एकदम कोरी. आठवड्याला मी स्वतः धूळ पुसतो." मी अजून म्हणतो, तेव्हा थाप मारायला हवी होती.

"लिहून घ्या," मंत्री सेक्रेटरीला म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी आठमजलीच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून हा देश चाललाय. आठ दिवसांत मशीनं खोक्यांबाहेर निघतील. शब्द आहे माझा."

लिफ्ट चालू झाली.

पुढच्या सहा दिवसांत आठमजलीनं कोपऱ्यातली खोली झाडली, धुतली, स्वतः रंगवली. वहिनीला खुर्चीतून वर नेऊन दाखवली.

"निळा कशाला?" ती म्हणाली. "मला काय समुद्रात सोडताय?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निळ्यानं शांत वाटतं."

"बरं, राहू दे. दिसतो चांगला."

सातव्या दिवशी ट्रक आला. चार माणसं उतरली. आठमजली लिफ्टचं दार धरून उभाच होता. "या, या. दुसरा मजला. खोली तयार आहे."

"खोली कसली?" ट्रकवाला म्हणाला. "खोकी खाली आणायचीत." आणि त्यानं माझ्या हातात पत्र दिलं.

पत्र मला अजून पाठ आहे. 'सदर इस्पितळात दोन यंत्रे विनावापर पडून असल्याचे तेथील लिफ्टचालकाने प्रत्यक्ष निदर्शनास आणून दिल्यावरून' ती मंत्रीसाहेबांच्या मतदारसंघातल्या नव्या खासगी इस्पितळाला देण्यात येत होती. आम्ही कर्ज फेडायचं आणि त्यांनी मशीनं चालवायची, ह्याला पत्रात भागीदारी म्हटलं होतं. इस्पितळ कुणाचं? सिमेंटवाल्या जावयाचं. सासऱ्याचं सरकार पडून तीन सरकारं झाली, जावई तोच.

मी ते वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं. आठमजलीनं 'लिफ्टचालकाने' ह्या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा मीच ना?"

"तूच."

मी पावतीवर सही केली. खोकी जड, जिन्यावरून उतरेनात. आठमजलीनं ती लिफ्टमधून उतरवली. दोन खोकी, दोन खेपा. शेवटच्या खेपेला तो ट्रकवाल्याला म्हणाला, "जपून न्या. आत नाजूक सामान आहे."

वहिनीला कुणी सांगितलं नाही. दुपारी तिनंच विचारलं, "ट्रक गेला ना? मला आवाजावरून कळतं, रिकामा की भरलेला."

पाच-सहा दिवसांनी तिनं हट्ट धरला. "अहो, मला लिफ्टमधून न्या."

"सहाव्यावर?"

"सहाव्यावर काय ठेवलंय आता? आठव्यावर न्या. जगाच्या पोरांना झोपाळा दाखवलात वीस वर्षं."

तो तिला खुर्चीतून घेऊन गेला. मी दुसऱ्या मजल्यावर स्टोअरच्या दारात होतो. लिफ्ट येऊन थांबली, दार उघडलं नाही. आतून त्याचा आवाज येत होता. झाडं किती उंच झालीत, वारा कसा आहे, झोपाळ्याची साखळी कुठून आणली. मधूनच ती काहीतरी बोलली आणि दोघं हसली. खाली कुणीतरी घंटी वाजवत होतं. मी जिन्यानं उतरलो आणि लोकांना सांगितलं, लिफ्ट बिघडलीय. ती थाप मात्र मी मारली.

त्याच आठवड्यात ती गेली.

दहा दिवसांनी तो कामावर आला. मी मुद्दाम तळापासून लिफ्टनं वर गेलो. दुसऱ्या मजल्यावर त्यानं दार उघडलं.

"उतरून घ्या," तो म्हणाला.

मी पुढच्या वाक्यासाठी थोडा थांबलो. तो दार धरून उभा राहिला. मग खालून घंटी वाजली, मी बाहेर पडलो आणि त्यानं दार ओढून घेतलं.