तोंडदेखला पडदा

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो; खिडकीचा नव्हे, चित्रं दाखवणारा. आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेलो आहे. इतर वस्तू आपली कहाणी सांगताना डोळे पुसतात. मला ते जमणार नाही.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ खोलीत झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या झग्यात गुंडाळलेली असत, कारण धुळीचा एक कणही माझ्या जिवावर उठला असता. मला सेंद्रिय पडदा म्हणतात. सेंद्रिय म्हटलं की तुम्हाला भाजी आठवेल, पण तिचा माझा काही संबंध नाही. माझ्या काचेवर काही कार्बनयुक्त, म्हणजेच सेंद्रिय, रसायनांचे केसाहूनही कितीतरी पातळ थर आहेत. त्यांत वीज सोडली की ते आपणहून उजळतात, मागे दिवा लागत नाही. मला पहिल्यांदा उजळवलं तेव्हा टाळ्या वाजल्या आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

पण माझ्यात एक खोट होती. माझा उजेड बाहेर पडण्याआधी आतल्या आरशांसारख्या थरांमध्ये ये-जा करतो. त्यामुळे समोरून रंग झकास दिसतो, पण बाजूने बघणाऱ्याला तोच रंग बदललेला दिसतो. गोरा असो की सावळा, चेहरा निळसर आणि फिका पडतो. तोंडदेखलं वागणं म्हणतात ना, ते माझ्या अंगातच भरलेलं होतं.

ही खोट काढण्यासाठी एक इंजिनिअर बाई झटत होत्या. त्या मला समोरून फारशा बघतच नसत. कोपऱ्यात, दाराशी, भिंतीला खेटून उभ्या राहत. म्हणून सगळे त्यांना 'तिरकी' म्हणत. त्यांनी एक पारदर्शक पापुद्रा तयार केला. त्यावर डोळ्यांना न दिसणारी इवलीशी भिंगं होती, ती माझा उजेड सगळीकडे सारखा वाटून देत. तो पापुद्रा त्यांनी माझ्या डाव्या अर्ध्या अंगावर चिकटवला. मग कुठूनही बघा, त्या अर्ध्या भागात चेहरा चेहऱ्यासारखाच दिसे. फक्त समोरून तो भाग किंचित मंद वाटे.

एके दिवशी मोठे साहेब मला बघायला आले आणि खुर्ची ओढून माझ्या अगदी नाकासमोर बसले. बाकीचे दोन्ही कडांना बसले.

"ही डावी बाजू मंद का?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, जरा इकडे कडेला येऊन बघा ना," तिरकीबाई म्हणाल्या. "उजवी बाजू कशी निळी पडते ते दिसेल."

"मी कशाला उठू? लोक पडद्यासमोर बसूनच बघतात."

"बरोबर आहे, साहेब," कडेला बसलेला एकजण लगेच म्हणाला. कचेरीत त्याला 'होयबा' म्हणत. मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, त्याला माझी उजवी बाजू निळी दिसत होती. त्याने दोनदा डोळेही चोळले होते. तरी मान डोलावली. त्याचं बघून बाकीच्यांच्याही माना डोलल्या. साहेब गेल्यावर माझ्या अंगावरचा पापुद्रा सालीसारखा सोलून काढला. त्या दिवशी माझ्या डोक्यात तिडीक गेली, ती अजून उतरलेली नाही.

पुढे होयबाने मला घरी नेलं. "जगात असा पडदा नाही, आणि तो आम्ही बनवलाय," अशी फुशारकी मारत त्याने मला सोफ्यासमोरच्या भिंतीवर टांगलं. त्याची आई त्याच भिंतीलगतच्या पलंगावर पडून असे. कमरेचं हाड मोडल्यामुळे तिला एकाच कुशीवर झोपावं लागे, आणि मी तिला अगदी तिरपा दिसे. परगावी असलेली तिची लेक रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून माझ्यावरून बोलायची. त्या एका बोलण्यावर आईचा दिवस निघायचा.

"अगं, चेहरा किती उतरलाय तुझा! निळी पडलीस की. बरी आहेस ना?"

"आई, मी ठणठणीत आहे. रोज काय तेच?"

सोफ्यावरून होयबा म्हणायचा, "आई, तुझेच डोळे गेलेत." कारण काय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पण सांगितलं तर फुशारकी उतरणार, आणि साहेबांपुढे आपण खोटी मान हलवली हेही कबूल करावं लागणार! त्यापेक्षा आईला आंधळी ठरवणं सोपं. त्याने डॉक्टरांना घरी बोलावून तिचे डोळे तपासून घेतले. डोळ्यांत काही दोष नव्हता. तेव्हा लेक हळूच म्हणाली, "दादा, मग डोक्याचं काही असेल का रे?"

ते आईने ऐकलं. त्यानंतर ती लेकीला काही विचारेना. हं, हं एवढंच म्हणे आणि डोळे मिटून घेई. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

मग एका संध्याकाळी तिरकीबाई आईला भेटायला आल्या. त्या घरात येणारा जो तो सोफ्यावर बसे. या मात्र सरळ पलंगावर, आईच्या उशाशी बसल्या. तेवढ्यात लेकीचा फोन आला आणि बाई माझ्याकडे बघून ओरडल्या, "अगंबाई! काकू, तुमची लेक निळी दिसतेय की!"

आईने त्यांचा हात घट्ट धरला. "तुलाही दिसतं? म्हणजे मला वेड नाही लागलेलं?"

"वेड कसलं? या पडद्याची खोट आहे ती, काकू. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

आई होयबाकडे मान वळवून म्हणाली, "तुलाही माहीत होतं?"

जन्मभर 'होय, होय' करणाऱ्याच्या तोंडून तेव्हा मात्र 'होय' निघेना.

तिकडे लेक सगळं ऐकत होती. ती ओक्साबोक्शी रडू लागली. "आई, चुकलं गं माझं," म्हणत राहिली. रडून तिचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि आईला मी तो निळाच दाखवला. दुसरं काही दाखवणं माझ्या हातात नव्हतं, ठेवलंच नव्हतं.

माझ्यासारखे पडदे अजूनही तसेच तयार होतात, कारण साहेबांच्या खुर्चीतून ते छान दिसतात. मित्रांनो, मला मऊ कापडाने पुसा, उन्हात ठेवू नका, हे कुणीही सांगेल. मी एवढंच मागतो. कुणी म्हणालं, "मला इथून वेगळं दिसतंय," तर त्याचे डोळे तपासत बसू नका. आधी आपल्या जागेवरून उठा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा.