बसमधली सभ्यता

सौदीतल्या जुबैलच्या कंपनी बसमध्ये एक सभ्यता पाळली जायची. कोणी आपल्या घरचं जेवढं सांगेल, तेवढंच खरं मानायचं. खुर्शीदभाई मूळ दापोलीचे, शिफ्टचे फोरमन. इथल्याच कंपनी कॉलनीत, या सगळ्यांच्या शेजारात वाढलेली मुलगी तस्नीम आता इंग्लंडात फार्मसी शिकते, असं ते सांगत. बस मान डोलावे.

तस्नीमने फार्मसी केव्हाच सोडली होती. तिकडे लेस्टरमध्येच जन्मलेल्या नूरैनबरोबर, आपल्या आतेबहिणीबरोबर, ती गात होती. आधी तिकडच्या कोकणी लग्नांत हळदीला, मग फोनवर, मग रेडिओवर. जोडीचं नाव ‘खाडी’. इंग्रजांना ते धड म्हणता येईना, तरी गाणं तिथे पहिल्या दहांत गेलं आणि फिरत फिरत जुबैललाही आलं. ड्रायव्हर हम्माद ते लावायचा. खुर्शीदभाई म्हणायचे, “बंद करो, सर दुखता है.” सगळे खिडकीबाहेर बघायचे. इतके शहाणे लोक एका बसमध्ये सापडणं कठीण.

मग ‘खाडी’चा कार्यक्रम जवळच्याच खोबर शहरात ठरला. “अब्बा, पहिल्या रांगेत या,” तस्नीमचा फोन आला. जायचं तर त्यांना फार होतं. पण तिथे बसमधलं कोणी भेटलं तर फार्मसीचं काय सांगायचं?

इकडे एकेक जण त्या संध्याकाळची सुट्टी मागायला त्यांच्याकडे येऊ लागला. एकाचा दात दुखत होता, दुसऱ्याचा चुलतभाऊ विमानतळावर उतरत होता. शेवटी प्रसाद आला, साताऱ्याचा, त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

“भाई, डोळे तपासायचेत.”

“जा. तुझ्या जागी मी थांबतो. प्लांट कोणीतरी बघायला हवा ना?”

‘भाई, तुम्हीच जा’ हे प्रसादच्या अगदी ओठांवर आलं. पण तसं म्हणणं म्हणजे सगळं ठाऊक असल्याची कबुली. सभ्यता आडवी आली आणि तो मुकाट्याने कार्यक्रमाला गेला.

दुसऱ्या दिवशी बस नेहमीसारखीच चिडीचूप. प्रसादला मात्र त्या शांततेची चीड आली. तो उठून खुर्शीदभाईंच्या शेजारी जाऊन बसला.

“भाई, पहिल्या रांगेतली एक खुर्ची तस्नीमने शेवटपर्यंत रिकामी ठेवली होती. तुमच्या नावाची.”

हम्मादने आरशातून मागे पाहिलं. खुर्शीदभाई हेल्मेटचा पट्टा उगाच लावत-सोडत राहिले.

“मागपर्यंत ऐकू येत होतं का रे?”

“बाहेर पार्किंगपर्यंत, भाई.”

“घरात मी तिला मोठ्याने गाऊ द्यायचो नाही,” ते म्हणाले. “तुम्ही सगळे ऐकाल म्हणून.”